इंग्रजी शब्दांतील जोडस्वर : उच्चार कसा ओळखावा?

१९४५ साली परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटीची स्थापना केली आणि पुढच्याच वर्षी, १९४६ मध्ये, मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू झाले. ही माहिती आपल्या समाजातील शाळकरी मुलालाही तोंडपाठ असते आणि संस्थेचे तीन शब्दांचे इंग्रजी नाव त्याच्या जिभेवर अगदी सहज बसलेले असते. परंतु हेच नाव इंग्रजी अक्षरांत लिहून त्या मुलापुढे ठेवावे आणि अक्षर लावून वाचायला सांगावे. पहिला शब्द पी, ई, ओ, पी, एल, ई. मूल थांबते आणि ‘पेओपल’ म्हणते. दुसऱ्याच्या शेवटी टी, आय, ओ, एन. त्याचे ‘एज्युकेटिओन’ होते. तिसऱ्याच्या मध्यभागी आय आणि ई एकमेकांशेजारी. त्याचे ‘सोसिएटी’ होते.

मूल चुकले असे आपण म्हणतो. खरे पाहता त्याने एकही अक्षर चुकीचे वाचलेले नाही. पहिल्या शब्दात ‘ई’ आणि ‘ओ’ मिळून एकच ई ऐकू येते, ‘ओ’ नुसता बसून राहतो. दुसऱ्यात ‘आय’ हा मागच्या ‘टी’शी मिळून श होतो आणि ‘ओ’चा अगदी पुसट अ उरतो. तिसऱ्यात मात्र ‘आय’ आणि ‘ई’ दोघेही बोलतात, प्रत्येक आपापल्या वाट्याचे; फक्त आपण मराठीत बोलताना दुसऱ्याचा पुसट आवाज गिळतो. तीन शब्द, तीन जोड्या आणि तीन वेगळ्या रीती. इंग्रजीतील जोडस्वरांचा सगळा विषय या एका पाटीवर मावतो.

हा विषय स्मरणिकेसाठी निवडण्याचे कारण सांगितले पाहिजे. विहाराच्या सभागृहात संध्याकाळी जी अभ्यासिका चालते तीत आम्ही काही जण इंग्रजी शिकवतो. काही वर्षांपूर्वी आमच्या वर्गातील आठवीच्या एका मुलीला तिच्या शाळेत संविधान दिनाच्या कार्यक्रमात उद्देशिका इंग्रजीतून वाचण्याची संधी मिळाली. मुलगी हुशार, आवाज खणखणीत. तिने सोव्हरिन हा शब्द ‘सोव्हरेइन’ असा वाचला आणि थॉट हा शब्द ‘थाउट’ असा. समोरच्या रांगेतून हसण्याचा आवाज आला. तिने वाचन पूर्ण केले, परंतु नंतर दोन महिने तिने इंग्रजीचे पुस्तक उघडले नाही. विचारपूस केली तेव्हा ती एवढेच म्हणाली, “सर, तुम्ही सांगितलं तसंच वाचलं होतं.” ते खरे होते. जोडस्वर कसे वाचावेत याचा एक नियम आम्हीच तिला शिकवला होता, आणि नियमात न बसणारा शब्द आला तर अक्षर लावून वाच असेही आम्हीच सांगितले होते. तेव्हापासून या विषयाचा आम्ही नव्याने अभ्यास केला. त्यातून हाती आले ते येथे मांडत आहोत.

प्रथम एक सूचना. या लेखात इंग्रजी अक्षरे त्यांच्या नावांनी देवनागरीतच दिली आहेत : ए, ई, आय, ओ, यू. अवतरणचिन्हात ‘ई-ए’ असे आले तर ती अक्षरांची जोडी समजावी. उच्चाराविषयी बोलताना तसे स्पष्ट म्हटले आहे. विद्यार्थ्यांनी हातात पेन्सिल घेऊन प्रत्येक शब्दाशेजारी समासात त्याचे इंग्रजी स्पेलिंग लिहून घ्यावे, म्हणजे हा लेख नुसता वाचला जाणार नाही, वापरला जाईल.

आम्ही शिकवलेला नियम फार जुना आणि जगभर शिकवला गेलेला आहे. दोन स्वर जोडीने आले की पहिल्याने आपले नाव सांगायचे आणि दुसऱ्याने गप्प बसायचे. रेन म्हणजे पाऊस, त्यात ‘ए’ बोलतो, ‘आय’ गप्प. बोट म्हणजे नाव, त्यात ‘ओ’ बोलतो, ‘ए’ गप्प. लहान मुलांना हे पटकन पटते. पण हा नियम किती खरा? १९६३ साली थिओडोर क्लायमर या अमेरिकन अभ्यासकाने प्राथमिक वर्गांच्या वाचनमालांतील शब्द घेऊन असे ४५ नियम एकेक करून तपासले. या नियमाला धरून चालणारे शब्द निघाले ३०९ आणि मोडणारे निघाले ३७७. म्हणजे शंभरात पंचेचाळीस. नाणे उडवून ठरवले तरी याहून बरे जमले असते!

मात्र त्याच तपासणीत दुसरीही गोष्ट दिसली. सगळ्या जोड्या सारख्या बेभरवशाच्या नाहीत. ‘ओ-ए’ या जोडीचे ३५ शब्द मिळाले, त्यांपैकी ३४ नियमाप्रमाणे वागले. चुकला तो एकटा कबर्ड. ‘ई-ई’चे ८७ पैकी ८५ शब्द सरळ निघाले. उलट ‘ई-ए’मध्ये १०१ सरळ आणि ५१ वाकडे. ‘आय-ई’ तर आणखी अवघड : तीत ई ऐकू येते असे मानून तपासले तेव्हा ८ शब्द बरोबर आणि ३९ चूक. तेव्हा सर्व जोड्यांना एक नियम लावण्याऐवजी प्रत्येक जोडीचा स्वभाव वेगळा ओळखणे हाच शहाणपणाचा मार्ग आहे. आणि स्वभाव ओळखायचा तर तो असा का झाला हे थोडे पाहिले पाहिजे.

इंग्रजी माणसाने मुद्दाम आपल्याला फसवण्यासाठी हे स्पेलिंग केले असा काही विद्यार्थ्यांचा समज असतो. तसे नाही. एके काळी ही अक्षरे बऱ्याच अंशी उच्चाराप्रमाणेच होती. इंग्लंडमध्ये साधारण १४०० ते १७०० या तीनशे वर्षांत दीर्घ स्वरांचे उच्चार एकामागून एक सरकत गेले. ऑटो येस्पर्सन या डॅनिश भाषापंडिताने या घडामोडीला महास्वरपरिवर्तन अशा अर्थाचे नाव दिले. नेमके याच काळात, १४७६ मध्ये, विल्यम कॅक्स्टनने वेस्टमिन्स्टर येथे छापखाना घातला. छापखान्याने हळूहळू स्पेलिंग एकाच साच्यात बसवले आणि उच्चार मात्र पुढे चालत राहिला. अंगरखा तोच राहिला आणि अंग वाढले, तशी ही अवस्था.

‘ई-ए’चे उदाहरण घ्या. मीट म्हणजे मांस हा शब्द ‘ई-ए’ने लिहितात आणि मीट म्हणजे भेटणे हा ‘ई-ई’ने. आज दोन्हींचा उच्चार एक. मग दोन स्पेलिंगे कशाला? कारण पूर्वी ते दोन वेगळे आवाज होते. दोन्ही आपल्या ए सारखेच, परंतु ‘ई-ए’मध्ये तोंड अधिक उघडे आणि ‘ई-ई’मध्ये कमी. पुढे ‘ई-ई’ सरकून ई झाला. ‘ई-ए’ मात्र मागे रेंगाळला आणि बऱ्याच उशिरा त्याला जाऊन मिळाला. अलेक्झांडर पोप या कवीने १७१२ साली पहिल्यांदा प्रसिद्ध केलेल्या आणि १७१४ साली वाढवलेल्या ‘द रेप ऑफ द लॉक’ या काव्यात टी म्हणजे चहा या शब्दाचे यमक ओबे म्हणजे आज्ञा पाळणे या शब्दाशी जुळवले आहे. म्हणजे तेव्हा चहाला ‘टे’ म्हटले जात असे.

या प्रवासात ‘ई-ए’च्या शब्दांच्या तीन वाटा झाल्या. बहुतेक शब्द ई पर्यंत पोहोचले : सीट, टीम, टीचर, लीडर, क्लीन, स्पीक. काही शब्दांतील स्वर वाटेतच आखूड झाला, विशेषतः पुढे ‘डी’ किंवा ‘टी-एच’ आला तेथे : ब्रेड, हेड, डेड, थ्रेड, डेथ, ब्रेथ, हेल्थ, लेदर, वेदर. आणि तीन शब्द अगदी मागेच राहिले : ग्रेट, ब्रेक आणि स्टेक. या तिसऱ्या वाटेत माणसांची नावेही सापडतात. कीट्स आणि येट्स हे दोन मोठे कवी. दोघांच्याही नावात पहिल्या अक्षरानंतर ‘ई-ए-टी-एस’ हीच अक्षरे, पण एकाचा उच्चार ई आणि दुसऱ्याचा ए. खुद्द इंग्रजी बोलणाऱ्यांनाही हे सांगावे लागते. पुढे ‘आर’ आला की गोंधळ आणखी वाढतो. हिअर म्हणजे ऐकणे, हर्ड म्हणजे ऐकले, हार्ट म्हणजे हृदय, बेअर म्हणजे अस्वल : चारही शब्दांत ‘ई-ए-आर’ आणि चारही उच्चार निराळे. येथे नियम शोधत बसू नये; चारही शब्द एका वाक्यात घालून पाठ करावेत.

‘ओ-ओ’ची कथा आम्हाला सर्वांत मनोरंजक वाटते. फूड, फुट आणि ब्लड हे तिन्ही शब्द ‘ओ-ओ’ने लिहितात. सहाशे वर्षांपूर्वी तिन्हींत दीर्घ ओ होता, आणि म्हणून तर दोन ‘ओ’ लिहिले. मग तिन्हींत ऊ झाला. पुढे ब्लड आणि फ्लड या दोन शब्दांतील ऊ लवकर आखूड होऊन उ झाला. त्याच सुमारास, सतराव्या शतकात, इंग्रजीतील पुष्कळ ऱ्हस्व उ बदलून अ होत होते. कट हा शब्द ‘यू’ने लिहूनही आपण कुट म्हणत नाही तो याचमुळे. ब्लड आणि फ्लड त्या लाटेत सापडले. फुट, गुड, बुक यांतील ऊ आखूड झाला तो लाट ओसरल्यावर, म्हणून त्यांच्यात उ तसाच राहिला. फूड, मून, रूम, टूथ हे आखूड झालेच नाहीत. एका गाडीचे तीन प्रवासी तीन स्थानकांवर उतरले, एवढाच प्रकार. विद्यार्थ्याने एवढे लक्षात ठेवावे की ‘ओ-ओ’पुढे ‘के’ असेल तर बहुधा ऱ्हस्व उ : बुक, लुक, कुक, टुक. अ चा उच्चार नेहमीच्या वापरातल्या दोनच शब्दांत, ब्लड आणि फ्लड. पुढे ‘आर’ आल्यास डोअर आणि फ्लोअर. बाकी बहुतेक ठिकाणी दीर्घ ऊ म्हणावे.

‘ओ-यू’ ही जोडी फ्रेंच रीतीने लिहिण्याची सवय असलेल्या लेखनिकांनी ऊ या आवाजासाठी रूढ केली. हाउस हा शब्द तेव्हा ‘हूस’ असा म्हणत. स्वर सरकले आणि ऊ चा आउ झाला : हाउस, साउंड, राउंड, ग्राउंड. सूप, ग्रुप असे शब्द फ्रेंचमधून नंतर आले आणि जुन्या ऊ सह राहिले. यंग, टच, डबल, ट्रबल, कंट्री यांत अ आहे. ‘ओ-यू’नंतर ‘जी-एच’ आला तर मात्र विद्यार्थ्याने सरळ हात जोडावेत. दो, थ्रू, टफ, कॉफ, थॉट यांत ‘ओ-यू-जी-एच’ ही चार अक्षरे तीच आणि उच्चार पाच. ‘जी-एच’ हा पूर्वी घशातून काढायचा ख सारखा एक आवाज होता. तो कुठे नाहीसा झाला, कुठे फ झाला, आणि जाताना शेजारच्या स्वरालाही बदलून गेला.

आता मुख्य प्रश्नाकडे येऊ. इतकी विस्कटलेली लिपी असूनही इंग्रज मूल सहा-सात वर्षांचे होईपर्यंत वाचू लागते, आणि आपले मूल दहावीपर्यंत अडखळते. याचे कारण बुद्धीत नाही. इंग्रज मुलाने ब्रेड हा शब्द वाचण्यापूर्वी हजार वेळा ऐकलेला असतो. त्याने ‘ब्रीड’ असे वाचले तरी त्याचा कान लगेच सांगतो की असा खाण्याचा पदार्थ घरात नाही, आणि ते स्वतःच दुरुस्ती करते. आपले मूल तोच शब्द प्रथम कागदावर पाहते. त्याच्याजवळ पडताळून पाहायला काही नसते.

आपल्या मराठीतही हेच घडते, फक्त आपल्या लक्षात येत नाही. ‘चार’ आणि ‘चारा’ यांतील च एकाच अक्षराने लिहितात, पण उच्चार दोन. त्याहून बोलके उदाहरण म्हणजे ‘जात’ हा शब्द. माणसाच्या कपाळी मारलेली जात आणि तो गावाला जात आहे यातील जात, दोन्हींचे लेखन अक्षरशः एक. परंतु ज दोन वेगळे. ‘जी जात नाही ती जात’ हे वाक्य आपण न अडखळता वाचतो. कोणत्या शाळेत हा नियम शिकवला? कोणत्याच नाही. तो आईच्या बोलण्यातून कानात आला. मराठी शिकणाऱ्या परप्रांतीयाला विचारा, तो याच शब्दांपाशी घाम पुसत असतो.

आणि आपल्या विहारातच पाहा. त्रिसरण-पंचशील मूल वाचायला शिकण्याच्या आधी म्हणू लागते. पालीतील जोडाक्षरे त्याने कधी पाहिलेली नसतात, तरी उच्चार स्वच्छ असतो, कारण भन्तेजींच्या मागून शेकडो वेळा म्हटलेले असते. पुढे पुस्तक हाती आले की डोळा कानाच्या मागून चालतो. सबंध त्रिपिटक कित्येक शतके असेच मुखोद्गत राहिले आणि इसवी सनाच्या पूर्वी पहिल्या शतकात श्रीलंकेत लेखनबद्ध झाले. इंग्रजी शिकवताना आम्ही नेमका हा क्रम उलटा केला होता.

मग आपल्या मुलांच्या कानात इंग्रजी काहीच नाही का? एक दिवस आम्ही वर्गात मुलांना सांगितले की घरात, गल्लीत, बाजारात ऐकलेले इंग्रजी शब्द सांगा. फळा भरून गेला. जयंतीच्या मिरवणुकीतला लाउडस्पीकर घ्या. त्यात ‘ओ-यू’ही आहे आणि ‘ई-ए’ही. आईच्या पेटीतला ब्लाउजपीस घ्या. त्यात ‘ओ-यू’ आणि ‘आय-ई’. कार्यक्रमाच्या पत्रिकेतला चीफ गेस्ट घ्या. ‘आय-ई’ची ई आणि ‘यू-ई’मधला मुका ‘यू’. ट्रकवर काम करणाऱ्या एका भावाने क्लीनर, गिअर आणि हेडलाइट दिले. तिन्हींत ‘ई-ए’ आणि तिन्हींचे उच्चार वेगळे. कोट, रोड, लोन, बोर्ड, सोप ही ‘ओ-ए’ची मंडळी. ट्रेन, मेल, पेंटर, नेलपॉलिश आणि परीक्षेतला फेल ही ‘ए-आय’ची. ऑइल, पॉइंट, कॉइल, बॉइलर ही ‘ओ-आय’ची, ही जोडी तर जवळजवळ कधीच फसवत नाही. ब्लड बँक, बुकिंग, कुकर, बूट, स्कूल यांत ‘ओ-ओ’चे तिन्ही उच्चार येऊन गेले. स्वेटर आणि लेदर यांनी ‘ई-ए’चा आखूड ए दाखवला.

म्हणजे भांडवल घरातच होते. फक्त मुलाला ठाऊक नव्हते की तोंडातला ‘स्वेटर’ आणि पुस्तकातला एस, डब्ल्यू, ई, ए, टी, ई, आर हे एकच आहेत. ज्या दिवशी ही गाठ पडते त्या दिवशी मुलाच्या चेहऱ्यावर जो आनंद दिसतो तो पाहण्यासारखा असतो. बाजारातले उच्चार सगळेच शुद्ध नसतात, हे खरे. स्टेअरिंग म्हणतात ते खरे म्हणजे स्टिअरिंग. पण अशा दुरुस्त्या थोड्या आहेत आणि त्या नंतर करता येतात.

मराठी माणसाच्या दोन सवयींबद्दल मात्र सुरुवातीपासून सावध राहावे. पहिली ऱ्हस्व-दीर्घाची. दिन म्हणजे दिवस आणि दीन म्हणजे गरीब हा भेद आपण लिहिताना पाळतो, बोलताना फारसा पाळत नाही. इंग्रजीत तसे चालत नाही. शिप म्हणजे जहाज आणि शीप म्हणजे मेंढी. ‘ई-ई’ दिसली की आवाज लांबवलाच पाहिजे. बाबासाहेबांचा १९२३ साली प्रसिद्ध झालेला अर्थशास्त्रावरील ग्रंथ ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’. त्यातील रुपी शब्दाच्या शेवटी हीच जोडी आहे. दुसरी सवय ए ची. आपला ए एकच आहे, इंग्रजीत दोन. ब्रेडमधला ए आखूड आणि तुटक. ग्रेटमधला, ट्रेनमधला ए लांब आणि शेवटी किंचित इ कडे झुकणारा. देवनागरीत दोन्ही एकाच मात्रेने लिहावे लागतात, म्हणून हा भेद कानानेच घ्यावा लागतो. बॅट आणि ऑफिस यांतील आवाजांसाठी मराठीने अर्धचंद्राची सोय केली, परंतु सगळ्या आवाजांसाठी तशी सोय झालेली नाही.

आणखी एक गोष्ट पुस्तकांत क्वचितच सांगतात. शब्दातील ज्या भागावर जोर नसतो तेथील जोडस्वर आपला आवाज हरवून बसतो. लेबर या शब्दात शेवटी ‘ओ-यू-आर’ आहे, पण त्याचा आउ होत नाही, पुसट अ होतो. माउंटनमध्ये पहिली जोडी जोराची म्हणून तिचा आउ स्पष्ट ऐकू येतो. शेवटची ‘ए-आय’ जोराविना, म्हणून तीत ए ऐकूच येत नाही. फॉरिन आणि सोव्हरिन यांत शेवटी ‘ई-आय’ आहे, पण जोर पुढच्या भागावर पडल्याने ‘ई-आय’चा नुसता इ उरतो. आमच्या त्या विद्यार्थिनीला हे आधी सांगितले असते तर! गंमत अशी की सोव्हरिनमधला ‘जी’ मुळात नव्हताच. शब्द फ्रेंचमधून आला तेव्हा त्यात ‘जी’ नव्हता. रेन म्हणजे राज्य करणे या दुसऱ्या शब्दाशी त्याचे नाते आहे अशा चुकीच्या समजुतीने तो मागाहून घुसवला. इंग्रजांनीच चूक केली आणि हसे मात्र आमच्या मुलीचे झाले.

‘आय-ई’ आणि ‘ई-आय’बद्दल थोडक्यात सांगतो. चीफ, थीफ, पीस, फील्ड, बिलीफ यांत ई. टाय, डाय, लाय या छोट्या शब्दांत आय. फ्रेंडमध्ये ए, आणि तो एकटाच आहे म्हणून सोपा. सायन्स, क्वायट, डाएट आणि आपली सोसायटी यांत दोन्ही स्वर सुटे. ‘ई-आय’मध्ये रिसीव्ह, सीलिंग यांत ई, एट, वेट, नेबर यांत ए, हाइटमध्ये आय. सुट्या स्वरांचे शब्द वेगळे ओळखण्याचा हमखास नियम नाही, परंतु इंडिया, रेडिओ, एरिया, आयडिया, म्युझियम, पोएम हे शब्द मुलांना बोलण्यातून माहीत असतातच. त्यांच्यावरून अंदाज बांधता येतो.

आता उद्देशिका समोर घ्यावी. २६ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेने संविधान स्वीकारले; त्याची ही प्रस्तावना म्हणजे जोडस्वरांचा उत्तम अभ्यासपाठ आहे, हे आम्हाला फार उशिरा समजले. सुरुवातीलाच पीपल, म्हणजे ‘ई-ओ’ची ई. लगेच इंडिया, दोन्ही स्वर सुटे. पुढे सोव्हरिन. मग १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने आलेला सोशलिस्ट, आणि न्यायाच्या ओळीत त्याचाच भाऊ सोशल : ‘सी-आय’ मिळून श आणि ‘ए’चा पुसट अ, एज्युकेशनमध्ये पाहिले तसेच. स्वातंत्र्याच्या ओळीत तर चार शब्द हारीने उभे आहेत. थॉटमध्ये ‘ओ-यू’चा ऑ, एक्स्प्रेशनमध्ये ‘आय-ओ’चा पुसट अ, बिलीफमध्ये ‘आय-ई’ची ई, फेथमध्ये ‘ए-आय’चा ए. समतेसाठी आलेल्या इक्वॉलिटी शब्दात ‘यू-ए’ ही जोडी दिसते, पण ती खरी जोडी नव्हे. तेथील ‘यू’ हा ‘क्यू’चा नोकर आहे, दोघे मिळून क्व होतात. नेशनमध्ये पुन्हा ‘आय-ओ’. शेवटाकडे अवर, ‘ओ-यू’चा आव, म्हणजे एकाच मजकुरात ‘ओ-यू’चे दोन उच्चार. आणि कॉन्स्टिट्युअंटमध्ये ‘यू-ई’ सुटे. एका परिच्छेदाच्या मजकुरात एवढे सगळे आले.

अभ्यासिकेत आम्ही आता असे करतो. नवा पाठ प्रथम मोठ्याने वाचून दाखवतो. मुले पुस्तक मिटून ऐकतात आणि मागून म्हणतात. त्यानंतर पुस्तक उघडतात. जोडस्वराचा नवा शब्द आला की वहीत त्याच्या कुटुंबात लिहितात. ब्रेड, हेड, थ्रेड यांच्या पानावर स्प्रेड येतो, क्लीनर-टीचरच्या पानावर लीडर. अपवादासाठी शेवटची दोन पाने राखलेली आहेत, आणि ती भरायला वर्ष पुरत नाही. शंका आली तर शब्दकोश. छापील कोशातील उच्चारचिन्हे शिकायला एक आठवडा लागतो, परंतु तो खर्च करावा. हल्ली मोबाइलमधील शब्दकोशात कर्ण्याचे चित्र दाबले की शब्द ऐकू येतो. घरात एक फोन असला तरी पाच मुलांचे काम भागते. त्यात ब्रिटिश आणि अमेरिकन असे दोन उच्चार असतात, कोणताही एक धरावा.

पालकांना एक विनंती. महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी सुरू झाले. त्याआधी ते पाचवीपासून असे. त्यामुळे आज आई-वडिलांपेक्षा मुलाला लवकर इंग्रजी भेटते. मला येत नाही म्हणून बाजूला बसू नये. तुमच्या कामावरचे शब्द, दवाखान्यातले, कारखान्यातले, गाडीवरचे, तुम्ही रोज बोलता. ते मुलाला सांगा आणि त्याला त्याचे स्पेलिंग शोधू द्या. आमच्या वर्गातील एका आजींनी ‘ब्लड’ आणि ‘शुगर’ हे दोन शब्द दिले, पहिला आमच्या ‘ओ-ओ’च्या पानावर गेला, दुसऱ्यात जोडस्वर नाही म्हणून मुलांनी तो परत केला, तर आजी म्हणाल्या, “मग त्यातला श कुठून आला ते सांगा.” तो प्रश्न अजून फळ्यावर आहे.

त्या विद्यार्थिनीने पुढच्या वर्षी पुन्हा वाचायला नाव दिले नाही. त्यानंतरच्या वर्षी दिले. वाचण्याआधी तिने अभ्यासिकेत लहान मुलांना समोर बसवून उद्देशिका सात वेळा ऐकवली आणि एका मुलाने विचारले, “ताई, सोव्हरिनमध्ये जी कशाला आहे?” तिने फळ्यावर तो शब्द लिहिला आणि ‘जी’वर काट मारून दाखवली.